काट्यावरची मुलगी

माणूस रोज बदलतो म्हणतात. माझंच बघा, केस गेले, गुडघा नवा बसवला, तिखट स्वभाव तेवढा जुनाच राहिला. पण या सगळ्यात 'मी' म्हणणारी नेमकी कोण, असं कुणी विचारलंच तर माझं उत्तर तयार असायचं: छापखान्यात कागदाचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर बसलेली ती छोटी मुलगी. लोखंडी पारड्याचा गारवा, शाईचा वास आणि पडू नये म्हणून पाठीवर बाबांचा हात. मी तीन वर्षांची असताना बाबा गेले. त्यांची माझ्याकडे एवढीच काय ती आठवण.

परवा मी हे पुन्हा सांगत होते, तर भांडी पुसता पुसता ताई सहज म्हणाली, "अगं, काट्यावर मी बसले होते."

"तुझं आपलं काहीतरीच! सगळं तुझंच कसं गं? बाबासुद्धा तुला सात वर्षं मिळाले."

मी इरेलाच पेटले. छापखान्यात बाबांच्या शेजारी बसून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे काका आता नव्वदीत आहेत. त्यांनाच फोन लावला.

काका हसले. "थोरली गं ती. खाली उतरायलाच तयार नव्हती. तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. तू व्हायच्या आधीच तो काटा मोडीत गेला."

फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं. साठी उलटलेली बाई मी, पण बाप आत्ता गेल्यासारखी रडले.

ताई जवळ आली. "बाबा गेल्यावर तू झोपायचीच नाहीस. मी तुला काट्याची गोष्ट सांगायचे. 'मी कुठंय त्यात?' म्हणून तू भोकाड पसरायचीस. मग एक दिवस मी उतरले आणि तुला बसवलं."

"आणि पाठीवरचा हात? तो तर मला आत्ताही जाणवतो."

ताई विचारात पडली. "बाबा समोर उभे राहून वजनं टाकत होते. त्यांचे दोन्ही हात त्यातच." मग हळूच म्हणाली, "गोष्ट सांगताना मी तुला थोपटायचे ना."

सात वर्षांच्या पोरीचा हात तो. त्याला मी जन्मभर बाबा म्हणत आले. तिचाही बाप तेव्हाच गेला होता, तिलाही कुणीतरी थोपटायला हवं होतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

"ताई, ते फडकं ठेव," मी म्हटलं. "बस इथं. आणि पाठ माझ्याकडं कर."