माझ्या दारावरची खोटी खूण

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रक आहे, आणि माझ्या दारावर जी खूण रंगवली आहे ती माझी नाही. ती बघून तुम्ही टाळ्या वाजवता, म्हणून आधी खरे काय ते ऐका.

माझा जन्म कॅनडातल्या एका कारखान्यात झाला. नाक चपटे, चाके दणकट, आवाज खडबडीत. जहाजाच्या पोटात बसून मी समुद्र ओलांडला. नेदरलँड्समधल्या झेलंडच्या बेटांवर पोहोचलो तेव्हा दुसऱ्या महायुद्धातली इथली लढाई संपली होती. समुद्र अडवणारे बांध फुटून शेतांत खारे पाणी शिरले होते आणि घरांची छपरे तेवढी वर दिसत होती. मला एकही गोळी लागली नाही. मी कोणत्याही गावात पहिला शिरलो नाही. माझ्या तुकडीचे काम वेगळे होते. लढाईत पडलेल्या सैनिकांना लोकांनी जिथल्या तिथे पुरले होते, कुणाला बागेत, कुणाला बांधाच्या कडेला, कुणाला गोठ्यामागे. त्यांना शोधायचे, उकरून काढायचे, नाव लागले तर लावायचे आणि मोठ्या दफनभूमीत नेऊन ओळीने निजवायचे. माझ्या दारावर एक छोटा काळा चौकोन होता आणि त्यात पांढरा आकडा. तीच माझी ओळख.

लॉर्न गिलिस हा माझा ड्रायव्हर. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या कोळ्याचा मुलगा, थोराड हातांचा आणि थोडके बोलणारा. दुसऱ्या ट्रकांचे ड्रायव्हर त्याची थट्टा करीत.

“काय रे लॉर्न, आज तुझे उतारू गप्पच?”

“तुमच्यापेक्षा शहाणे आहेत,” तो म्हणायचा. “माझ्या गाडी चालवण्याला अजून एकानंही नावं ठेवलेली नाहीत.”

पण रस्त्याला लागला की तो खड्डे चुकवीत मला अगदी सावकाश नेई. वळण आले की मागे न बघता सांगे, “सांभाळून, पोरांनो.” प्रत्येकाला पोहोचवून झाल्यावर तो माझ्या मागच्या फाळक्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने एक बोटभर रेघ ओढायचा. दुसऱ्या ट्रकांच्या बॉनेटांवर मुलींची नावे होती. माझ्या अंगावर त्या रेघा होत्या. मला त्यांचा अभिमान वाटे.

काम संपले आणि लॉर्न घरी गेला. मला इथेच विकले. बांध पुन्हा उभारायला मी चिखलमाती वाहिली. मग एका शेतकऱ्याकडे वीस वर्षे बीट वाहिले. कुणी मला राखाडी रंग दिला, कुणी निळा, कुणी नुसते हाताला लागेल ते फासले. शेवटी गिअर मोडला तेव्हा मला कोठारात ढकलले आणि विसरले. पंचेचाळीस वर्षे, मित्रांनो! माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालीत.

तिथून मला बाहेर काढले ते आद्रियान मोलमेस्टरने. हा बटाट्यांचा व्यापारी, साठीला टेकलेला. त्याच्याविषयी मी पुढे कडू बोलणार आहे, म्हणून आधी हे कबूल करतो, की त्याच्याइतके प्रेम माझ्यावर कुणी केले नाही. दोन वर्षे तो रोज माझ्याखाली आडवा पडून असे. इंजिनाचा एकेक भाग त्याने स्वतःच्या हाताने सोडवला, घासला, पुन्हा बसवला. आणि काम करता करता स्वतःशीच म्हणायचा, “पहिल्या रांगेत. मोलमेस्टर पहिल्या रांगेत, बघाल तुम्ही!” जर्मनांच्या तावडीतून गाव सुटल्याचा पंचाहत्तरावा वर्धापनदिन जवळ आला होता आणि जुन्या लष्करी गाड्यांची मोठी मिरवणूक निघणार होती.

खुणा रंगवण्यासाठी त्याने जान्ना डिंगेमान्सेला बोलावले. जान्ना पन्नास वर्षे शिंपले पकडणाऱ्या बोटींवर नावे रंगवत आली होती. हात दगडासारखा स्थिर, जीभ वस्तऱ्यासारखी. तिने आल्या आल्या रंगाचा डबा उघडलाच नाही. ओला पॉलिश पेपर घेतला आणि माझ्या दारावरचा एक तळहाताएवढा तुकडा हलके हलके घासू लागली. वरचा रंग गेला. निळा गेला, राखाडी गेला. चौथ्या दिवशी काळा चौकोन दिसला, मग पांढरा आकडा. तिने त्यावर पातळ कागद ठेवून तो उतरवून घेतला. फाळक्याच्या आतही तिने तसेच घासले आणि रेघा एकेक करून वर आल्या. एकशे सदतीस. तिने त्या बोटाने दोनदा मोजल्या. मला किती बरे वाटले म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली होती.

तिने कॅनडाला पत्र लिहिले. सहा आठवड्यांनी उत्तर आले. ते घेऊन ती कोठारात आली तेव्हा आद्रियान कॉफी घेत होता.

“त्या आकड्याचा पत्ता लागला,” ती म्हणाली. “कबरी हलवणारी तुकडी. तुझी गाडी मेलेल्यांना नेत होती, आद्रियान.”

आद्रियानने कप खाली ठेवला. “म्हणजे शववाहिका?”

“हवं तर तसं म्हण.”

“दोन वर्षं मी शववाहिका दुरुस्त करत बसलो होतो?”

“आणि झकास केलीस. अशी दुसरी गाडी अख्ख्या देशात नसेल. त्या रेघा बघितल्यास ना?”

“बघितल्या.” तो उठून येरझारा घालू लागला. “हे बघ जान्ना, आकडा बुजवून टाक. सगळ्यात आधी गावात शिरली ना, त्या पलटणीची खूण काढ. मी चित्र आणून ठेवलंय.”

“ही नव्हती शिरली.”

“कुणाला कळणार आहे?”

“मला कळतंय ना. एका बोटीचं नाव दुसरीवर मी जन्मात कधी लिहिलं नाही.”

“निम्म्या गाड्यांवर असल्याच सोयीच्या खुणा आहेत! तुझी नीती तेवढी माझ्याच गाडीला आडवी येते होय?”

जान्नाने इथे गप्प बसायला हवे होते. पण ती बसली नाही.

“तुला ती खूण का हवीय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “जर्मन होते तेव्हा तुझे आजोबा कुणाच्या पंगतीला बसत होते, तेही ठाऊक आहे. त्यांचं नाव धुवायला माझा ब्रश नाही.”

शाळेच्या अंगणात लहानपणी जे ऐकले होते तेच आद्रियानला साठाव्या वर्षी स्वतःच्या कोठारात ऐकावे लागले.

“निघ,” तो अगदी हळू म्हणाला. “डबे उचल आणि निघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाळूचा फवारा मारणारी माणसे बोलावली. मित्रांनो, वाळूचा मारा झाला की लोखंड नव्यासारखे होते, आणि नव्याला काही आठवत नाही. दारावरचा आकडा गेला. मग फाळका खाली पाडला. एकशे सदतीस रेघा पुसायला पाच मिनिटेही लागली नाहीत. आद्रियान बाहेर पाठ करून उभा होता. त्याने हे रागाच्या भरात केले हे मला कळत होते. पण राग संध्याकाळपर्यंत ओसरतो आणि पुसलेले परत येत नाही. पुढे एका दुकानातून चिकटपट्टीचे साचे आले, आणि तासाभरात मी शूर पलटणीचा ट्रक झालो.

मिरवणुकीच्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो. लोकांनी झेंडे हलवले, मुलांनी गोळ्यांच्या आवाजाची नक्कल केली. मग सगळ्या गाड्या चर्चच्या चौकात उभ्या केल्या. तिथे एक म्हातारी चाकांच्या वॉकरचा आधार घेत माझ्यापाशी आली. पिटरनेला विसे, वय त्र्याऐंशी. तिच्या दोन पावले मागे जान्ना होती.

“गाडी कुणाची हो ही?” म्हातारीने विचारले.

“माझी, आजी. या, फोटो काढू?”

“फोटो नको. मी एक ट्रक शोधतेय. आमच्या पेअरच्या बागेत एक सैनिक पुरलेला होता. पोरगाच होता हो. वर्षभर त्याच्यावर फुलं ठेवायचं काम माझं. मग त्याला न्यायला ट्रक आला. मी रडून गोंधळ घातला, आमचा आहे तो म्हटलं, नेऊ नका. तेव्हा त्या ड्रायव्हरनं मला शेजारी बसवलं नि दफनभूमीपर्यंत नेलं. म्हणाला, बघ, त्याचे मित्र इथं आहेत. जान्ना म्हणते, तो ट्रक हाच.”

मला ती आठवत होती. लाकडी बुटांची, नाक पुसत बसलेली. मला ओरडावेसे वाटले.

आद्रियानने जान्नाकडे बघितले. “जान्ना पुष्कळ काय काय म्हणते. ही लढाईतली गाडी आहे, आजी. खूण बघा ना.”

जान्नाने पिशवीतून तो पातळ कागद काढून उलगडला. “हा आकडा याच दारावरून उतरवलाय. मला काय शिव्या घालायच्या त्या घाल, आद्रियान. पण हिला खरं सांग.”

भोवती माणसे जमली होती. बक्षीस देणारे परीक्षकही त्यात होते.

“ती पाट्या रंगवते,” आद्रियान मोठ्याने म्हणाला. “कागदावर काय हवं ते काढेल. धंदाच आहे तिचा!”

लोक हसले. म्हातारी मात्र हसली नाही.

“मग फाळक्याच्या आत रेघा असतील,” ती म्हणाली. “माझ्यादेखत एक ओढली होती त्यांनी. ब्रश मलाही धरू दिला होता.”

क्षणभर मला वाटले, आता हा बोलेल. त्याचे ओठ हललेही. पण परीक्षक बघत होते. त्याने खिटी काढली, फाळका खाली सोडला आणि म्हणाला, “बघा.”

म्हातारीने चष्मा सारखा केला. तिने तळहात माझ्या फाळक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नवा गुळगुळीत हिरवा रंग होता. दुसरे काहीच नव्हते.

“नाहीत,” ती म्हणाली. “मग नव्हे ही. माफ करा हं, तुमचा वेळ घेतला. या वयात डोकं असं फसवतं.”

तिने त्याची माफी मागितली, मित्रांनो! आणि वॉकर ढकलत ती गर्दीतून निघून गेली. आपल्या आठवणीवरचाही तिचा विश्वास तिथे, माझ्या पायाशी, गळून पडला. जान्ना तिच्यामागे धावली नाही; तिचा शब्द आता कुणीच खरा धरला नसता. कागदाची घडी करता करता ती एवढेच पुटपुटली, “मी तोंड आवरलं असतं तर रेघा तरी राहिल्या असत्या.”

अर्ध्या तासाने मला चांदीचा कप मिळाला. सर्वांत अस्सल खुणांचा ट्रक म्हणून! आद्रियानने तो घेतला, पण उंचावला नाही. घरी आल्यावर त्याने मला कोठारात लावले आणि फाळक्याकडे न बघता दार ओढून घेतले. तो त्या म्हातारीकडे गेला का, हे मला ठाऊक नाही. माझ्यावरची खूण मात्र त्याने बदलली नाही.

आता शाळेच्या सहली येतात. मुले माझ्या हौद्यात चढतात आणि विचारतात, “यानं किती शत्रू मारले?” आद्रियान काहीतरी आकडा सांगतो. दर वेळी तो वेगळा असतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर रंग द्या. धूळ झाडा, गंज काढा, तेल घाला. पण कुंचला उचलण्याआधी जरा खरवडून बघा, खाली काय आहे ते. आणि जे निघेल ते तुमच्या मनासारखे नसले तरी राहू द्या. मी एकालाही मारले नाही. मी पोरांना खड्डे चुकवत त्यांच्या मित्रांकडे पोहोचवले. पण हे तुम्हाला पटवून द्यायला आता माझ्या अंगावर काहीच उरलेले नाही.