शेवटच्या थांब्यावरची दहा मिनिटं

मुंगीच्या आईला वेळापत्रकाचं भारी वेड, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. बारा वर्षं ती बस डेपोत वेळापत्रकंच आखत होती. कुठली गाडी कधी सुटणार, कुठे किती मिनिटं उभी राहणार, सगळं तिच्या पेन्सिलीखालून जायचं. त्यामुळे आठ वर्षांच्या मुंगीला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरलं, त्याच दिवशी बाईसाहेब भला मोठा कागद आणि पट्टी घेऊन जमिनीवर बसल्या.

मुंगी वर्गात मोठ्याने वाचायला उभी राहिली की अडखळायची. पोरं फिदीफिदी हसायची. शेवटी तिने वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. घरी शिकवायला बाबांची ना नव्हती, पण ते पडले औषधाच्या दुकानातले. त्यांना प्रत्येक गोष्टीची मुदत लागे.

"तीन महिने," ते म्हणाले. "तेवढ्यात पोरीने एक पान मोठ्याने वाचून दाखवावं. नाहीतर पुन्हा शाळा."

आईने अकरा पुस्तकं आणली, तीन तऱ्हेची अक्षरकार्डं आणली, लाकडी ठोकळे आणि पृथ्वीचा गोल आणला. आठ ते आठ चाळीस वाचन. आठ चाळीस ते सव्वानऊ गणित. दुपारी तिला ड्यूटीवर जायचं, त्याआधी सात विषय उरकायचे. कागद भिंतीवर लागला आणि घर शाळेपेक्षाही जास्त शाळा दिसायला लागलं.

पहिला आठवडा बरा गेला. मग एके दिवशी वाचन लांबलं, त्याने गणिताला ढकललं, गणिताने भूगोलाला. आई घड्याळाकडे बघायची आणि मुंगी आईच्या तोंडाकडे. दोन महिने सरता सरता दोघी कागदाच्या सतरा दिवस मागे पडल्या होत्या, आणि मुंगी अजून ओठांतल्या ओठांतच पुटपुटत होती.

"आई, आज पण आपण लेट?" एका सकाळी मुंगीने विचारलं.

"हो. चल, उघड पुस्तक पटकन."

"डेपोतली बस लेट झाली की तू काय करतेस गं?"

"मी कशाला काय करू? शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं मोकळी ठेवलेली असतात. त्यात निघतो उशीर भरून."

"मग आपल्याला का नाही ठेवलीस?"

आईने कागदाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत एक मिनिट मोकळं नव्हतं. गेल्याच महिन्यात डेपोतल्या एका नव्या कारकुनाने असंच वेळापत्रक आणलं होतं, तेव्हा हिनेच त्याला फैलावर घेतलं होतं, "ड्रायव्हरने पाणीसुद्धा प्यायचं नाही का हो?" तिला स्वतःची लाज वाटली. मग तिला हसू फुटलं आणि तिने कागद भिंतीवरून उतरवला.

अकराच्या अकरा पुस्तकं जमिनीवर मांडली. मुंगीने त्यातली तीन उचलली. मग आईच्या पिशवीतून डेपोचं जुनं वेळापत्रक ओढून काढलं. "आणि हे."

"अगं, ते काय पुस्तक आहे?"

"थांब्यांची नावं आहेत की त्यात!"

ठेवलं तेही. नव्या कागदावर चारच विषय आले, आणि प्रत्येकानंतर दहा मिनिटांचा रिकामा चौकोन. त्यात काही न लिहिणं आईला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या मिनिटांत मुंगी कंडक्टर झाली. चार खुर्च्या एकामागे एक, आणि प्रवासी एकच, आजोबा. बाबांचे वडील, कानाने बेताचे.

"पाण्याची टाकी," मुंगी पुटपुटली.

"मोठ्याने बोला कंडक्टरबाई. मला काही ऐकू येत नाही, माझा थांबा जायचा!"

"पा... पाण्याची टाकी!"

"हां, आत्ता कसं! पुढे?"

मोठा पूल. सरकारी दवाखाना. जुनी गिरणी. मुंगी अडखळली की आजोबा खुशाल खिडकीबाहेर बघत बसायचे. त्यांना कुठे घाई होती? आई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकायची, पण बाहेर यायची नाही.

मुदत रविवारी संपली. बाबा गोष्टीच्या पुस्तकातलं पान निवडून, खूण घालूनच आले. "हं, वाच बघू."

मुंगीचा चेहरा उतरला. मग तिने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. "आत्ता मोकळी दहा मिनिटं आहेत. बाबा, गाडीत बसा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने खुर्ची दाखवली. ते आजोबांच्या मागे बसले.

मुंगीने वेळापत्रक उघडलं. पानभर थांबे होते, बेचाळीस. तीनदा ती अडखळली. पहिल्यांदा बाबा सांगायला खुर्ची करकरवत अर्धवट उठले, तसे आजोबा मागे न बघता म्हणाले, "गाडीत उभं राहू नये." बाबा मागे टेकले. सरकारी दवाखाना गेला, जुनी गिरणी गेली. आवाज चढत गेला.

"शेवटचा थांबा! सगळ्यांनी उतरा!"

आजोबा उतरले. दारात आई पदराने डोळे पुसत होती. बाबा मात्र उठले नाहीत. खूण घातलेलं पुस्तक त्यांच्या मांडीवर मिटलेलंच होतं.

"कंडक्टरबाई," ते म्हणाले, "परतीची गाडी आहे का हो?"

मुंगीने पान उलटलं.