डावललेला हात

तिला खरं नावही होतं, पण ते पगाराच्या दिवशी सहीपुरतं लागायचं. घरीदारी ती वेंधळी. लहानपणी तिच्या हातून जे जे पडण्यासारखं होतं ते सगळं पडून झालं होतं. पेले, बरण्या, वडिलांचा चष्मा, एकदा तर शेजारणीचं मांजरसुद्धा. कुलूप उघडायला गेली की किल्ली आधी उलट्या बाजूला फिरवणार, नळ सोडायला गेली की घट्ट आवळून ठेवणार. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, दादा लग्न करून दुसऱ्या गावी गेला, पण नाव तेवढं मागे राहिलं. "ए वेंधळे," दादा फोनवर म्हणायचा, आणि ही "ओ" द्यायची.

अशा मुलीने निदान हातकामाच्या वाटेला तरी जाऊ नये. ही नेमकी कपडे शिवायच्या कारखान्यात गेली. इस्पितळातल्या नोकरांचे गणवेश तिथे शिवले जायचे. तिला बेतायच्या टेबलाशी उभं राहायचं होतं. कापडावर खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवरून कात्री चालवत न्यायची, याच्याइतकं देखणं काम जगात दुसरं नाही, असं तिला वाटायचं. बेतणाऱ्या मास्तरांनी तिला संधी दिली, नाही असं नाही. पण सरळ रेघ तिच्या हातून जेमतेम निघायची आणि बाही जोडायच्या मुंढ्याचा गोल आला की खडू अडखळायचा. "बाई, तुझ्या हाताला वळण नाही," मास्तर म्हणाले, चांगल्या शब्दांत म्हणाले, आणि तिला खिडकीशी काज-बटणाला बसवलं. तिथे ती बसली ती बसलीच.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक माणूस होता. चांगला होता, तिच्यासाठी थांबायलाही तयार होता. तिने लग्नाला नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं तेव्हा तिला सांगता आलं नाही. खरं कारण एवढंच, की आपल्या हातून हेही सांडणार याची तिला पक्की खात्री होती. तो आता दुसरीकडे संसार मांडून सुखात आहे, आणि ही अजून औषधं दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून आणते.

अलीकडे औषधं बरीच लागायची. आईला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, आणि बोलणंही गेलं. जन्मभर शाळेत आयाचं काम केलेली, पोरांच्या वर आवाज चढवून चढवून घसा कमावलेली बाई. सगळ्या शब्दांतून तिच्याकडे एकच शब्द शिल्लक राहिला होता, "नको." पाणी हवं असलं तरी नको, पाठ दुखली तरी नको. वेंधळी त्या नकोंच्या सुरावरून काय ते ताडायची.

व्यायाम करवून घ्यायला एक बाई यायच्या. त्या सांगून सांगून थकल्या. "डाव्या हाताला काहीही झालेलं नाही. चमचा धरायला लावा, जेवायला लावा. लाड करू नका." पण आई डावा हात चादरीखालून बाहेर काढायलाच तयार नव्हती. चमचा त्या हातात दिला की नको. वाडगा त्या बाजूला ठेवला की नको. मग वेंधळीने भरवायचं, निम्मं आईच्या गळ्यात बांधलेल्या फडक्यावर सांडायचं. दुपारी कारखान्यातून धावत यायचं, भरवायचं, धावत परत जायचं. मास्तर तोंडाने काही बोलत नव्हते, पण घड्याळाकडे बघायला लागले होते.

तिला तीस वर्षं पूर्ण झाली त्या शनिवारी सकाळी दादाचा फोन आला.

"वेंधळे, तिशी गाठलीस की. घोडी झालीस."

"झाले बाबा."

"आई जेवते का हाताने?"

तिने आईच्या चादरीखालच्या हाताकडे पाहिलं. दादा वाईट नव्हता. लांब राहून काळजी करणाऱ्यांचं होतं तेच त्याचं झालं होतं, काळजी करता करता त्याने निर्णयही घेऊन टाकला होता.

"हे बघ, मी उद्या येतो. ती स्वतःच्या हाताने जेवत असेल तर राहू दे घरी, खालच्या काकू लक्ष ठेवतील. नाहीतर तिला त्या शुश्रूषागृहात हलवू. जागा बघून ठेवलीय मी. तू नोकरी घालवून बसलीस तर दोघींचं कोण बघणार?"

"तिथे ती जगायची नाही, दादा."

"आणि इथे तू जगायची नाहीस," दादा म्हणाला, आणि त्याचंही खोटं नव्हतं.

दुपारी ती धावत घरी आली तर मावशी येऊन बसली होती. मावशी आईपेक्षा बरीच लहान, आईच्या लग्नात परकर सावरत फिरणारी. तिने येताना केक आणला होता आणि आईला तो डाव्या हाताने खायला लावायचा प्रयत्न करून हात टेकले होते.

"अगं, चांगला धडधाकट हात आहे, तो का लपवतेय ही?" मावशी स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात म्हणाली. मग तिचं तिलाच हसू आलं. "जन्मात कधी डावा हात चालू दिला नाही कुणाचा, आता स्वतःवर आलं. तुझ्यावर काय कमी मेहनत घेतली होती?"

"माझ्यावर? कसली मेहनत?"

"तुला माहीत नाही?" मावशीचा चेहरा पडला. पण सांगायला सुरुवात केलेली गोष्ट परत गिळणं तिला कधीच जमलेलं नाही. "तू डावरी होतीस गं. पक्की डावरी. सगळं डाव्या हाताने. ताई तुझ्या त्या हातावर लोकरीचा मोजा चढवायची आणि मनगटाशी बाहीला टाके घालून टाकायची. झोपलीस की उसवायची, सकाळी पुन्हा शिवायची. किती रडायचीस. दातांनी मोजा ओढायचीस. मी एकदा म्हटलं, अगं ताई, राहू दे ना, तर माझ्यावर अशी उसळली की मी त्या घरी महिनाभर गेले नाही."

वेंधळीला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. फक्त लोकर तोंडाजवळ आली की तिच्या अंगावर काटा यायचा. कडाक्याच्या थंडीतही ती स्वेटर घालत नसे, आणि ते ती स्वभावावर ढकलत आली होती.

"पण का, मावशी?"

"शाळेत डावऱ्या पोरांच्या बोटांवर काय पडायचं ते ती रोज बघायची ना. पुढे लग्न, परकं घर. तिला त्या हाताची भीतीच होती बाई. वाईट नव्हतं गं तिच्या मनात."

वाईट कुणाच्याच मनात नसतं, हीच तर पंचाईत आहे. आपण बोलताना जे सरस असेल त्याला उजवं म्हणतो आणि ज्याला बाजूला सारायचं त्याला डावलतो. निकाल आधीच लागलेला होता, आईने फक्त टाके घातले.

ती कारखान्यात परत गेली. जेवणाची सुट्टी संपायची होती, बेतायच्या टेबलापाशी कुणी नव्हतं. तिने एक चिंधी पसरली, खडू घेतला आणि डाव्या हातात धरला. हात भीत होता. पहिली रेघ लहान पोराने मारावी तशी आली. दुसरीही तशीच. मग तिने नजर काढून घेतली आणि नुसता मुंढ्याचा गोल मनात आणला, आणि खडू वळला. कुठे न अडखळता, एका दमात वळला. तिने पुन्हा काढला, पुन्हा तसाच आला. मग तिने मास्तरांची मोठी कात्री उचलली. कात्री डाव्या हातात चालेना, पाती कापडाला चावत राहिली. तीही उजव्या हाताच्याच मापाने केलेली होती.

"कुणी काढला हा?" मागून मास्तरांनी विचारलं.

"मी."

मास्तरांनी चिंधी उचलून खिडकीशी नेली, बराच वेळ पाहिली. "हे आधी कुठे होतं?" ते म्हणाले.

ती हसली नाही, आनंदली नाही. ती कारखान्याच्या स्वच्छतागृहात गेली, नळ सोडला आणि ओक्साबोक्शी रडली. वेंधळी म्हणून जी कुणी होती ती मुळात कधी नव्हतीच, हे तिला त्या दिवशी कळलं. फुटलेले पेले, गेलेलं टेबल, औषधाच्या दुकानातला तो भला माणूस, हे सगळं एका मोज्यापायी गेलं होतं. आणि हे कळूनही त्यातलं काही परत येणार नव्हतं. तीस वर्षांची बाई आपल्याच हाताशी ओळख करून घ्यायला बसली होती आणि तो हात तिच्याशी अवघडून वागत होता.

संध्याकाळी घरी येईपर्यंत रडणं ओसरून राग उरला होता. मावशी निघून गेली होती. आई उशीला टेकून बसली होती, डावा हात चादरीखाली. वेंधळीने मऊ भात आणि भाजीचं पातळ सूप गरम केलं, दोन वाडग्यांत वाढलं आणि खुर्ची ओढून आईच्या अगदी समोर बसली.

"मावशीने सांगितलं मला," ती म्हणाली. "माझा हात तू शिवून ठेवायचीस. मला जन्मभर वाटत राहिलं, आपण मठ्ठ आहोत. तू बघत होतीस. एकदा, आई, एकदा तरी सांगायचं होतंस की हा दोष माझा नाही म्हणून."

"नको," आई म्हणाली. या नकोचा अर्थ तिला सुरावरून लावता आला नाही.

"उद्या दादा येतोय. तू जेवली नाहीस तर तुला घेऊन जाणार आहे. कळतंय ना? आता बघ, काही होत नाही."

तिने आपला चमचा डाव्या हातात घेतला, सूप भरलं आणि तोंडाकडे नेलं.

चापट इतकी जोरात बसली की चमचा भिंतीवर जाऊन आदळला. मनगटाच्या आतल्या बाजूला, नेमकी. वेंधळी हात धरून बसली. दुखलं ते नंतर, आधी तिला दिसलं की आई मारायला कुठला हात वापरून बसली आहे. इतके आठवडे चादरीखाली दडलेला तो हात अजून हवेत होता. आईसुद्धा त्याच्याकडेच बघत होती, चोरी पकडली जावी तशी.

वेंधळी उठली, चमचा धुऊन आणला आणि त्या हातात दिला. आईने तो धरला. कदाचित भुकेने, कदाचित गोंधळून. बोटांनी चमचा बरोबर तोलला, सुपात बुडवला, वाडग्याच्या काठावर अलगद निथळवला आणि मनगट वळवून तोंडाकडे नेला. फडक्यावर एक थेंब पडला नाही.

वेंधळी बघत राहिली. बटणं लावण्यात वर्षं गेलेल्या तिला सवयीचा हात आणि नवखा हात यांतला फरक कुणी शिकवायला नको होता. आज दुपारी तिचा हात भीत होता. हा हात भीत नव्हता. हा सगळं जाणत होता आणि गप्प बसला होता, आईचं सबंध आयुष्य.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुझाही?"

आईने चमचा टाकला. "नको," ती म्हणाली, "नको, नको," आणि हात चादरीखाली ओढून घेतला. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिने तो हात बाहेर काढला नाही.

तिचा हात कुणी शिवला होता, की बांधला होता, की भाजला होता? आजी-आजोबा केव्हाच गेले. मावशी तेव्हा जन्मलीही नव्हती. सांगू शकणारी एकच बाई होती आणि तिचे शब्द संपले होते. वेंधळीचा राग त्या क्षणी कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. ज्या भीतीने आईने मोजा शिवला होता ती शाळेतल्या पोरांची बोटं बघून आलेली नव्हती, तिची स्वतःची होती. आई तिला मोडत नव्हती, लपवत होती. जसं स्वतःला लपवलं, तसंच.

तिने चमचा पुन्हा धुतला आणि आईच्या डाव्या बाजूला, वाडग्याशेजारी ठेवला. मग खुर्ची उचलली आणि आईकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी बघत नाही," ती म्हणाली. "कुणीच बघत नाही, आई. तू जेव."

तिने आपला वाडगा मांडीवर घेतला, डाव्या हाताने चमचा भरला. थोडं सांडलं, थोडं तोंडात गेलं. पुन्हा भरला. मग पाठीमागे चादर सरकली आणि चमचा वाडग्याला लागला. थांबला. पुन्हा लागला.

वळून बघावं असं तिला फार वाटलं. जन्मापासून या बाईच्या हातचं खाल्लं, पण तिचा खरा हात आज पहिल्यांदा, तोही एका चमच्यापुरता दिसला होता. ती वळली नाही. उद्या दादा आला की त्याला सांगायचं, आई स्वतःच्या हाताने जेवते, फक्त त्या वेळी खोलीत कुणी थांबायचं नाही. का म्हणून विचारलं तर सांगायचं नाही. भिंतीकडे बघत ती जेवत राहिली, आणि मागचा चमचा थांबेपर्यंत तिने आपल्या रडण्याचा आवाज होऊ दिला नाही.