खिडकीखालचं रान

आमच्या बागेत खिडकीखाली अनोळखी रोपं उगवली तेव्हा घरातली दोन माणसं काळजीत पडली. ती कसली आहेत हे माहीत नव्हतं म्हणून आई, आणि पक्कं माहीत होतं म्हणून बाबा.

डॉक्टरांनी बाबांना साखरेसाठी आणि आईला गुडघ्यांसाठी रोज सकाळी वाटीभर बिया चावून खायला सांगितलं होतं. आई रात्रीच दोन वाट्या भिजत घालायची. तिची ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संपवायची, बाबांची बाहेरच्या खोलीत पोचती करायची. बाबांनी उभा जन्म बस चालवली. खिडकीबाहेर हात काढणं हा त्यांच्या पेशाचाच भाग. आई पाठमोरी झाली की वाटी बाहेर जायची आणि रिकामी होऊन आत यायची. मी बघायचो. न बघितल्याबद्दल मला स्कूटर मिळायची.

फक्त भिजवलेली बी खाल्ली नाही तर उगवते, एवढं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तण आहे. उपटून टाकतो," बाबा म्हणाले.

आई चमकली. लग्न झाल्यापासून या माणसाने इकडची काडी तिकडे केली नव्हती. "हात लावायचा नाही. आधी ओळख पटू दे."

मी फोनने फोटो काढला. फोन म्हणाला, बहुधा कोबी. बाबांच्या चपलेला म्हणाला, निवडुंग, पाणी कमी पडतंय.

"रविवारी वन्संना बोलावते," आई म्हणाली. आत्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. बाबांचा चेहरा उतारावर ब्रेक निकामी झाल्यासारखा झाला.

त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "आत्याला कळव, दादा आजारी आहे, येऊ नकोस."

"मग ती आजच येईल."

"ठणठणीत आहे म्हणून कळव."

"मग जेवायला येईल."

आत्या आली, मातीत गुडघे टेकून बसली. "हा जवस. हे तीळ. हे सूर्यफूल. आणि हा भोपळा." एकेका नावासरशी आईची मान वर वर जात होती. भोपळ्याला ती खिडकीपर्यंत पोचली.

"अहो," आई म्हणाली.

"चिमण्या आणत असतील."

"चिमण्या भोपळ्याची बी आणतात?"

"दोघी मिळून."

आई हसली नाही. "रात्री डोळे मिटत असतात तरी निवडून भिजवते मी. उद्या तुम्हाला काही झालं, तर मी भांडू कुणाशी?"

बाबा मागे सरकत भिंतीला टेकले. रिव्हर्स घ्यायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात घराच्या मागून आत्याचा आवाज आला, "वहिनी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तर जवस जास्तच दाट आलाय की गं!"

आईने पदर सावरला. तो पडला नव्हता.

बाबा मागे गेले. स्वयंपाकघराची खिडकी बघितली, मग खाली बसून कोवळ्या जवसावरून हात फिरवला. आता ते काहीही बोलू शकले असते.

"चिमण्याच," ते म्हणाले. "काय माजल्यात."

आई इतकी हसली की दुखऱ्या गुडघ्यांसकट तिथेच मातीत बसली. तिला उठवायला आम्ही तिघं लागलो.

आता दोघं सकाळी समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या जबड्यावर नजर ठेवून बिया चावतात. खिडक्या बंद. रोपं मात्र ठेवलीत; बाबाच पाणी घालतात.

माझी स्कूटर गेली. न बघण्यासारखं घरात काही उरलंच नाही.