अंगावरचं पोर

मायाक्काला आपलं पोर राखायचं होतं आणि त्यासाठी तिच्यापाशी पंचांचा एक शब्द होता. दुसरं काही नव्हतं.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या साली तिचा काडीमोड झाला. नवरा हरिबा होटगीला रेल्वेच्या कामावर होता. त्यानं दुसरी आणली, आणि सवतीच्या हाताखाली राबायला मायाक्कानं साफ नकार दिला. बरं केलं, आणखी काय करायचं होतं तिनं? बिरोबाच्या देवळापुढं पंच बसले, हरिबानं काडी मोडली, संसार संपला. भिमा तेव्हा दहा महिन्यांचा होता. पंचांतले वडीलधारे सोमलिंगतात्या म्हणाले, "पोर बापाचं. पर अंगावर पितंय तवर आईपाशी ऱ्हाईल."

भाऊ ज्ञानबा तिला सोलापुरात गंगाधरपंत वकिलांकडं घेऊन गेला. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, कोर्टाची पायरी चढू नकोस. मूल बापाचं, असंच तिथंही म्हणतील. पंचांनी तुला दिलंय तेवढंसुद्धा कोर्ट देईल की नाही, सांगता येत नाही. आहे तो शब्द धरून राहा."

तिनं धरला. असा धरला की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. भिमा दोन वर्षांचा झाला, तीनचा झाला, चारचा झाला. दूध कधीच आटलं होतं. तरी रोज दिवेलागणीला भावाची मेंढरं काट्यांच्या वाड्यात कोंडली की ती त्याला पदराखाली घ्यायची. पोरगं घटकाभर तोंड लावायचं आणि खेळायला पळायचं. भावजय केराबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "अवं वन्सं, मिसरूड फुटंस्तवर पाजताय का काय त्याला?" मायाक्का चिडायची नाही, हसायचीही नाही. आधी आधी तिला लाज वाटायची, पुढं तीही वाटेनाशी झाली. पोर अंगाला असायचं आणि ती समोरच्या कुंपणाकडं बघत बसायची.

सहाव्या वर्षी हरिबा आला. दुसरीची कूस उजवली नव्हती, तेव्हा याला पहिलीचं पोर आठवलं. पुन्हा देवळापुढं पंच बसले.

"सहा वर्साचं घोडं झालंय, तात्या," हरिबा म्हणाला. "अजून पितंय म्हनं! कुनाला येड्यात काढतीया ही?"

तात्यांनी मान हलवली. "आमी वय बोललो न्हवतो. पितंय तवर, असं बोललो. शब्द त्यो शब्द. मायाक्का, पितंय का गं अजून?"

"व्हय, तात्या."

"देवाम्होरं सांगतीस?"

आता इथं नुसतं व्हय म्हणून खाली बघितलं असतं तरी निभावलं असतं. म्हाताऱ्याचं मन तिच्याकडं होतं, ते साऱ्यांना दिसत होतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. "बघा की," ती म्हणाली, आणि भरल्या पंचांत तिनं चोळीची गाठ सोडली.

पुरुषांनी माना खाली घातल्या. केराबाईनं तोंडात पदर कोंबला. मायाक्काला काही म्हणजे काही वाटलं नाही. रोज घरी करायची तसाच तिनं हात पुढं केला. "भिमा, ये."

भिमा देवळाच्या कट्ट्यावर पोरांत बसला होता. उठला, चार पावलं आला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. तो थांबला. त्याचे कान लाल झाले. त्यानं आईकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, आणि ज्याला सगळे त्याचा बाप म्हणत होते त्या माणसाकडं बघितलं.

"मी न्हाय पीत," तो म्हणाला. "मी मोठा झालोय."

"ये रं," ती हळू म्हणाली. हात तसाच पुढं होता.

"न्हाय पीत म्हनलं की!" तो ओरडला.

सोमलिंगतात्या म्हणाले, "पोर बापाचं." तिच्याकडं न बघता, पण म्हणाले.

केराबाईनं येऊन तिची चोळी बांधली. "रडा हो वन्सं, रडा," म्हणत ती स्वतःच रडत होती. मायाक्काला रडू येत नव्हतं. तिला हरिबाचा राग नव्हता, हसणाऱ्या पोराचाही नव्हता. आत काही हलतच नव्हतं, मग रडायचं कशानं?

हरिबानं भिमाला आगगाडी दाखवायचं कबूल केलं होतं. पोरगं खुशीत होतं. निघता निघता ते पळत आईजवळ आलं. त्यानं इकडं तिकडं बघितलं. कट्ट्यावरची पोरं लांब गेली होती. मग तो तिच्या कानाशी लागला.

"आई, घरी पीन की. कुनी नसताना. सांजच्याला येतो."

"व्हय," मायाक्का म्हणाली. "ये."