एकही स्क्रू नसलेलं यंत्र

पेचकाकांनी टॅबलेट हातात घेतला आणि आधी उलटा केला. मागे एकही स्क्रू नव्हता. "हे कसलं यंत्र? जे उघडता येत नाही ते आपलं नव्हेच," असं म्हणून ते तो लेकीला परत द्यायला निघाले. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी आणलेलाच नाहीये तो. आईसाठी आणलाय."

हे काकांना झोंबलं. झोंबणारच. पस्तीस वर्षं या माणसाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, खिशात पेनाच्या जागी पेचकस, म्हणून अख्खी गल्ली त्यांना पेचकाका म्हणायची. घरातलं मशीन त्यांनी स्वतः जोडलेलं. त्यात मनाला येईल ते करता यायचं, फक्त ते काकांनाच यायचं. बायकोने काही विचारलं की हे अर्धा तास समजावणार आणि शेवटी "जाऊ दे, तुझ्या डोक्यावरून जातंय" म्हणून स्वतःच उरकून टाकणार. तिने मग विचारणंच सोडलं. अहो, घरात एक जण फार शहाणा असला की बाकीचे आपोआप अडाणी ठरतात.

टॅबलेटने मात्र तिला लळा लावला. एकदा बोट टेकवलं की फोटो, दुसऱ्यांदा टेकवलं की लांबची भाची समोर हजर. काहीतरी बिघडेल ही तिची भीतीच गेली. काका गुरगुरले, "यात आपल्या हातात काही नाही. कंपनीवाले वाढतील तेवढंच खायचं."

"आणि तुमच्या त्या खोक्यात माझ्या हातात काय होतं हो?" ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडूनच पिन टाकून घेतला आणि टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये हात घातला. कंपनीकडे बॅकअप जाणं बंद केलं. आपल्या घरातलं परक्याच्या कपाटात कशाला? दहा वेळा पिन चुकला तर सगळं पुसलं जावं, हे चालू केलं. चोराच्या हाती लागला तर? बदलण्यासारखं जेवढं सापडलं तेवढं बदललं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या वर्षी तिचं दुखणं निघालं. रोज दुपारी ती आतल्या खोलीत दार लोटून टॅबलेटशी बोलत बसायची. काकांनी विचारलं तर म्हणाली, "तुमच्यासाठीच बोलून ठेवतेय. मी गेले की ऐका. समोर असताना मला बोलू कुठे देता?"

काका हसले. हसायला नको होतं. चार महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी ती दवाखान्यातच गेली, आणि पिन सांगायचा राहिला.

लेक पंधरा दिवस राहिली. नोकरीच्या गावी परतताना म्हणाली, "आईचं रेकॉर्डिंग मी रविवारी आले की ऐकू. एकटे ऐकू नका, बाबा." पिन तेव्हाच विचारायचा होता. पण मुलीला पिन विचारतील तर ते पेचकाका कसले! जन्मभर त्यांनी लोकांची अडलेली मशीनं उघडून दिली होती. पासवर्ड विसरलात? आणा, डिस्क काढू, दुसऱ्या मशीनला जोडू. "बघतो मी," एवढंच ते म्हणाले.

रविवारपर्यंत त्यांना दम धरवला नाही. घरात तिचा आवाज नव्हता आणि तो त्या काचेमागे होता, मग माणूस थांबेल कसा? गुरुवारी सकाळी त्यांनी लग्नाची तारीख टाकली. नाही. लेकीचा जन्म. नाही. घराचा नंबर, दुकानाचा नंबर, जुन्या फोनचे शेवटचे चार आकडे. टॅबलेट म्हणाला, थांबा. एक मिनिट, मग पाच, मग पंधरा, मग तास. काका समोर बसून राहिले, जेवलेही नाहीत. सोपा पिन त्यांनी टाकूनच पाहिला नाही. सोपे पिन ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांना ते फैलावर घ्यायचे आणि ती ते वर्षानुवर्षं ऐकत आली होती. ती असला ठेवणंच शक्य नाही, अशी त्यांची खात्री.

आपणच घातलेली दहाची अट त्यांना आठवली, ती दहावा पिन टाकून झाल्यावर.

पडदा काळा झाला. बऱ्याच वेळाने पांढरा झाला आणि त्यावर अक्षरं आली, नमस्कार. नव्या मालकाला करतात तसा.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. काकांनी विचारलं, "आईचा पिन काय होता गं?"

"चार शून्य. मीच ठेवून दिला होता, तिला लक्षात राहावा म्हणून. का हो?"

काकांनी सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रडत राहिली, आणि काका फोन कानाला लावून ऐकत राहिले. मग नाक ओढत ती म्हणाली, "माझ्याकडे एक आहे. रेकॉर्डिंग शिकत होती तेव्हा नमुना म्हणून तिने मला पाठवलेलं. अकरा सेकंदांचं आहे फक्त."

"पाठव," काका म्हणाले. "अकरा तर अकरा. पाठव बाळा."

ते आलं. काकांनी फोनचा आवाज पूर्ण वाढवला. आधी थोडी खुडबुड, मग तिचा श्वास, मग ती. "हं, झालं वाटतं सुरू. अहो, ऐका ना, मला तुम्हाला..."

"दे इकडे," एक पुरुष तिच्या आवाजावर आवाज चढवून बोलला. "तुझ्या डोक्यावरून जातंय ते."

आणि संपलं.

काकांनी ते पुन्हा लावलं. त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला. ती 'मला तुम्हाला' म्हणाली, आणि तो माणूस पुन्हा मध्येच बोलला.