प्रत्येक फोटोत सॅक

कपाटाच्या तळाशी, बुटांच्या खोक्यांमागे जो हिरवट, चुरगळलेला गठ्ठा दिसतोय ना मित्रांनो, तो गठ्ठा नाही. ती मी आहे, कॅनव्हासची सॅक. आता माझा एक पट्टा निम्मा उसवलाय, कोपऱ्यांवर रंग उडालाय, तरी शांत पडून राहणं मला काही जमत नाही. खाली पार्किंगमध्ये कोणी चाकांची बॅग खडखडवत नेली की माझी बक्कलं आपोआप हलतात. कोण निघालं, कुठं निघालं, आणि मला सोडून कसं निघालं, असं होऊन जातं.

माझा जन्म नागपूरजवळ कामठीचा. लहूबाबा तिथं लष्करी छावणीत तंबू दुरुस्त करायचे. त्यांची मुलगी उपासना अमेरिकेत गणित शिकवायला निघाली, तेव्हा बाजारात बऱ्यापैकी सॅक मिळत होत्या. पण दुकानातल्या शिवणीवर बाबांचा विश्वास नव्हता. उपासना जेवत असताना त्यांनी मागून टेप लावून तिच्या खांद्यांचं माप घेतलं. ती म्हणाली, शाळेचा गणवेश शिवताय का बाबा? बाबांनी फक्त तिला सरळ बसायला सांगितलं.

तंबूचं उरलेलं कापड, मेण लावलेला दोरा आणि पितळी कड्या, एवढ्यातून मी झाले. पैशांचा कप्पा बाबांनी पाठीला टेकेल अशा बाजूला लावला, म्हणजे चोराला आधी उपासनालाच उचलावं लागलं असतं. अस्तर मात्र निळं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे झेंडे शिवून उरलेलं कापड होतं ते. त्यामुळे बाहेरून मी छावणीतली वाटते आणि आतून मिरवणुकीतली.

अमेरिकेत आल्यावर मला वाटलं, आता जग बघायचं. बघितला तो आयसेलिनचा ओक ट्री रोड, भारतीय दुकानांचा. दर शनिवारी माझ्यात तूरडाळ, भेंडी आणि मेथीच्या जुड्या. बाकीचे दिवस हायस्कूलच्या मुलांचे चाचणीचे पेपर. लोक माझ्या मजबुतीचं कौतुक करायचे, आणि मला मेथीचा वास यायचा.

उपासनाचंही तसंच. सुट्टी लागली की ती स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायची. शेजारच्या विनीताताईंकडे दर उन्हाळ्यात भारतातून पाहुणे यायचे, की निघाली गाडी नायगाराला. एक सीट रिकामी असायची, ती उपासनाची. तिनं नायगारा इतक्यांदा पाहिला होता की एव्हाना धबधब्यालाही तिची ओळख पटली असेल.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये विनीताताई पुन्हा सीटचं सांगायला आल्या. उपासना म्हणाली, यंदा मी युरोपला चाललेय. एकटी.

"एकटी? अगं, युरोपला लोक हनिमूनला जातात."

"मग मला बसायला जागा जास्त मिळेल," उपासना म्हणाली.

विनीताताईंना उत्तर देणं सोपं होतं. कामठीला फोन लावल्यावर मात्र जय भीम झालं, तब्येती झाल्या, आणि बाबांनी एकच विचारलं, सोबत कोण आहे? उपासनानं फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. म्हणाली, शाळेतल्या शिक्षकांचा ग्रुप आहे बाबा. ग्रुप वगैरे काही नव्हता. पलीकडून बाबांचा सुटकेचा सुस्कारा मलासुद्धा ऐकू आला. मग ते म्हणाले, सॅक ने.

आणि मी निघाले. मित्रांनो, काय सांगू! पॅरिसच्या पायऱ्या, ॲमस्टरडॅमचे कालवे, कोलोनचं ते काळं, टोकदार चर्च. प्रवाशांची स्वस्त हॉस्टेलं दुपारभर बंद असायची, म्हणून आम्ही दुपारभर चालायचो. पाव, टोमॅटो आणि वर घरून आणलेलं तीळ घातलेलं तिखट, हे आमचं जेवण. जिथं राहणं महाग, तिथून रात्रीची गाडी पकडायची, म्हणजे प्रवास आणि मुक्काम एकातच. हॉस्टेलात रंगीत नायलॉनच्या सॅक माझ्याकडे बघायच्या, जणू मी कुठल्या तरी लढाईतून पळून आलेय. पाऊस लागला की त्या झटकून कोरड्या व्हायच्या आणि मी पाणी पिऊन म्हशीसारखी जड व्हायचे. उपासना कुरकुरायची, पण स्वतः भिजली तरी छत्री माझ्यावर धरायची.

एका जागी ती टिकत नव्हती. गाव आवडायला लागलं की लगेच फलाटावर जाऊन उभी. मला तर ते हवंच होतं. पण ती नुसती पुढं जात नव्हती, कोणीतरी मागून 'सोबत कोण?' विचारील म्हणून पळत होती, हे माझ्या पट्ट्यांना तिच्या खांद्यांवरून कळायचं.

अडचण फोटोंची होती. फोटो घरी दाखवायलाच हवेत. कोणाला सांगून स्वतःचा काढून घ्यावा, तर त्यात ती एकटी उभी दिसणार. मग बाबा विचारणार, बाकीचे कुठंयत? नुसत्या इमारतीचा काढावा, तर तो पोस्टकार्डावरही मिळतो. म्हणून तिनं तोड काढली. प्रत्येक ठिकाणी मला समोर ठेवायची आणि बटण दाबायची. आयफेल टॉवर आणि मी. पवनचक्की आणि मी. मला मोठा मान वाटला. खोटं कशाला बोलू, मी जरा ताठही उभी राहायचे.

ऑस्ट्रियात तळ्याकाठी एक लहानसं गाव होतं. तिथं उपासना पहिल्यांदा बसली. नुसती बसली. कडेला बदकं, समोर डोंगर, आणि तिचा चेहरा असा, की कामठीहून निघाल्यापासून मी तसा पाहिला नव्हता. कुत्रा फिरवणारी एक म्हातारी थांबली आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवून खुणेनं म्हणाली, दे, तुझा काढते. उपासनानं नको म्हणून मान हलवली. म्हातारी गेल्यावर तिनं मला बाकावर ठेवलं आणि माझा फोटो काढला.

पुढच्या वर्षी, शाळा अजून चालू होती तेव्हाच, लहूबाबा आणि आई रमाबाई आयसेलिनला आले. ते यायच्या आधी उपासनाला झोप येईना. खोटं उघडं पडलं तर बाबांना काय वाटेल, ही एकच धास्ती. पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवतील? पुन्हा 'सॅक ने' म्हणतील? विनीताताईंनी युक्ती सांगितली. म्हण, ग्रुपमध्ये कॅमेरा माझ्याकडेच असायचा, म्हणून मी कुठल्याच फोटोत नाही.

रविवारी चहा झाल्यावर रमाबाईंनीच अल्बम मागितला. मी सोफ्याला टेकून होते. पानं उलटत गेली. ठरलेलं वाक्य उपासनानं दोनदा म्हटलं.

"एवढे मास्तर," रमाबाई म्हणाल्या, "अन् एकालाही बटण दाबता नाही आलं?"

उपासना हसली, पण ते हसू कोणी उचललं नाही. बाबा तळ्याच्या फोटोपाशी थांबले होते. बाकावर मी, शेजारी अर्धा पाव.

"ग्रुप नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

"नव्हता, बाबा."

माझी तर शिवण आवळली. आता बोलतील, वाटलं. बाबांनी फोटोवरून अंगठा फिरवला.

"ही सॅक मी शिवली," ते म्हणाले. "ती कशी दिसते, मला ठाऊक आहे. तू तिथं कशी दिसत होतीस, ते बघायचं होतं."

उपासनानं अल्बम मिटला आणि त्यांच्या गुडघ्याशी बसून राहिली. जरा वेळानं बाबांनी मला मांडीवर ओढलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि सुई-दोरा मागितला.

मित्रांनो, त्या सगळ्या फोटोंत ताठ उभं राहिल्याची मला तेव्हा फार लाज वाटली.

परत जाताना बाबांनी विमानतळावर तिला काही उपदेश केला नाही. तुझी सुट्टी कधी लागते, एवढंच विचारलं. त्या सुट्टीत आम्ही पुन्हा त्या तळ्यावर गेलो. ती म्हातारी भेटली नाही. आइस्क्रीमच्या गाडीवरच्या बाईला उपासनानं स्वतःहून कॅमेरा दिला, मला त्या बाईच्या पायाशी ठेवलं आणि समोर जाऊन उभी राहिली. वाऱ्यानं केस विस्कटलेले, डोळे उन्हानं बारीक. तो फोटो आता कामठीच्या घरात भिंतीवर आहे. मी त्यात कुठंच नाही.

तेव्हा माझं ऐका. मला वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. दोन उन्हं दाखवा, हा पट्टा कोणीतरी शिवा, आणि कपाटात असं डांबून ठेवू नका. पाठीवर घ्या आणि निघा. फोटो काढताना तेवढं मला खाली ठेवा.